थाळी राणीच्या हातून, खिसा मात्र रिकामा : अल्थिया गिब्सन

रानजाई

एप्रिल उजाडला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुपवर एकच चौकशी सुरू होते, चेरी फुलली का? नेवार्कचं ब्रांच ब्रूक पार्क त्यासाठी प्रसिद्ध आहे. यंदा आम्हीही गेलो. डब्यात थालीपीठं, सोबत लोणचं, आणि गाडी लावायला जागा मिळेपर्यंत नवऱ्याची चिडचिड. फोटोंचा कंटाळा येऊन लेक पळाली ती थेट टेनिस कोर्टांच्या बाजूला. तिथे एका उंच बाईचा ब्राँझचा पुतळा, हातात रॅकेट. "आई, ही सेरेना का?"

पुतळा होता अल्थिया गिब्सनचा. नाव कानावरून गेलेलं, त्यापलीकडे पाटी कोरी. पहाटे उठून विम्बल्डन बघणारी मी, मला जरा ओशाळल्यासारखंच झालं. त्यानंतरचे दोन महिने जे मिळेल ते वाचत सुटले. तेच इथे मांडतेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

जन्म २५ ऑगस्ट १९२७, साउथ कॅरोलिनातल्या सिल्व्हर नावाच्या खेड्यात. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे. शेतीत काही उरेना, म्हणून १९३० मध्ये बिऱ्हाड न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, काळ्यांच्या वस्तीत आलं. घर १४३व्या रस्त्यावर. आता नशीब म्हणा काय म्हणायचं ते, उन्हाळ्यात पोलीस नेमका तोच रस्ता गाड्यांना बंद करून मुलांना खेळायला मोकळा ठेवत. डांबरावर पट्टे आखून पॅडल टेनिस चालायचं. लाकडी फळीसारखी बॅट, छोटं कोर्ट. बारा वर्षांची असताना, १९३९ साली, ही पोरगी त्यात शहराची विजेती झाली.

शाळेशी मात्र उभा दावा. दांड्या मारायच्या, सिनेमाला जायचं, रात्र रात्र घरी फिरकायचं नाही. मग बापाचा मार. त्याच बापाने तिला बॉक्सिंगही शिकवलं, कारण त्या वस्तीत मुलीला स्वतःचा बचाव करता यायला हवा हे त्याला पक्कं ठाऊक. शाळा लवकरच सुटली. काही काळ तर तिने घर सोडून मुलांच्या आश्रयगृहात काढला.

बडी वॉकर नावाचा एक वादक उन्हाळ्यात त्या रस्त्यावर मुलांच्या खेळावर देखरेख करायचा. पोरीच्या हातात काहीतरी आहे हे त्याने ओळखलं आणि तिला खरी रॅकेट आणून दिली. पुढे हार्लेमच्या कॉस्मोपॉलिटन टेनिस क्लबात तिच्यासाठी लोकांनी वर्गणी काढली. तिथले प्रशिक्षक फ्रेड जॉन्सन एका हाताचे होते. त्या क्लबात डॉक्टर, वकील, शिक्षक अशी सुखवस्तू काळी मंडळी. पांढरे कपडे, हळू बोलणं, हरल्यावर हसून हात मिळवणं. आणि ही आलेली गल्लीतून, हरली तर समोरच्याला ठोसा द्यायच्या तयारीत. ती दोन जगं एकमेकांकडे कशी बघत असतील, या विचारानेच मला हसू येतं.

१९४६ मध्ये अमेरिकन टेनिस असोसिएशनची, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या संघटनेची, अंतिम लढत ती हरली. पण ती बघायला दोन डॉक्टर बसले होते. ह्युबर्ट ईटन आणि रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन. त्यांनी ठरवलं की हिला हाताशी धरायचं. शाळेचं वर्ष ईटनांकडे विल्मिंग्टनला, उन्हाळा जॉन्सनांकडे लिंचबर्गला. दोघांच्याही घरी टेनिस कोर्ट. अट एकच, शिक्षण पुरं करायचं. एकोणीस वर्षांची बाई पुन्हा शाळेच्या बाकावर बसली! तिला धीर दिला तो बॉक्सर शुगर रे रॉबिन्सनने. ती त्याच्या घरी येऊन-जाऊन असायची. त्याचं म्हणणं, काहीही करायचं असेल तरी थोडं शिकलेली असलीस तर बरंच. १९४९ मध्ये ती शाळा संपवून फ्लोरिडाच्या ए अँड एम विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेली. त्यादरम्यान १९४७ पासून त्या संघटनेचं अजिंक्यपद तिने सलग दहा वर्षं कोणाला दिलं नाही.

आता जरा हळू वाचा, कारण मला सगळ्यात जास्त इथेच थांबावंसं वाटलं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत, फॉरेस्ट हिल्सला, काळ्यांना बंदी असा कोणताही नियम नव्हता. कागद स्वच्छ. फक्त प्रवेशासाठी आधी हिरवळीवरच्या स्पर्धांमध्ये खेळून दाखवायला हवं. त्या स्पर्धा भरायच्या खासगी क्लबांत. आणि ते क्लब तिला बोलावणार नाहीत. म्हणजे पोहता येईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही. आमच्या इथल्याच मेपलवूड क्लबाने १९५० मध्ये राज्य स्पर्धेसाठी तिचा अर्ज फेटाळला, कारण काय, तर तिच्याविषयी पुरेशी माहिती नाही! मी त्या मेपलवूडवरून आठवड्यातून दोनदा जाते.

कोंडी फोडली अ‍ॅलिस मार्बलने. ही चार वेळा अमेरिकन विजेती झालेली गोरी बाई. जुलै १९५० च्या 'अमेरिकन लॉन टेनिस' मासिकात तिने लिहिलं, आणि काही मऊसूत लिहिलं नाही. टेनिस हा सभ्य लोकांचा खेळ असेल तर आपण ढोंगीपणा सोडून सभ्यासारखं वागायला हवं, असा एकंदर सूर. गिब्सनमुळे आजच्या खेळाडूंपुढे आव्हान उभं राहत असेल तर त्यांनी ते कोर्टवर स्वीकारावं, एवढंच तिचं मागणं. त्यानंतर साउथ ऑरेंजच्या ऑरेंज लॉन टेनिस क्लबाने तिला हिरवळीवर खेळू दिलं आणि ऑगस्टमध्ये फॉरेस्ट हिल्सचं दार किलकिलं झालं.

दुसऱ्या फेरीत गाठ लुईस ब्रॉशी, त्या वर्षीच्या विम्बल्डन विजेतीशी. पहिला सेट १-६ गेला, दुसरा ६-३ हिने घेतला, तिसऱ्यात ही ७-६ ने पुढे. आणखी एक गेम घेतला की संपलं. तेवढ्यात आभाळ फाटलं. वीज पडून स्टेडियमच्या माथ्यावरचा दगडी गरुड खाली कोसळला. सामना दुसऱ्या दिवसावर गेला. रात्रभर डोक्यात काय चाललं असेल कोण जाणे. सकाळी ब्रॉने तीन गेम घेऊन ९-७ ने सामना खिशात टाकला.

पुढची पाच वर्षं मात्र नुसती रखडपट्टी. १९५१ मध्ये विम्बल्डन खेळणारी ती पहिली काळी स्त्री, पण तिथे काही घडलं नाही. १९५३ मध्ये पदवी घेतली, मिझुरीच्या लिंकन विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवलं, टेनिस सोडून सैन्याच्या महिला दलात भरती व्हायचंही जवळजवळ ठरवलं. सिडनी लेवेलिन या हार्लेममध्ये टॅक्सी चालवणाऱ्या प्रशिक्षकाने तिची पकड बदलली आणि तिला खेळात टिकवलं.

मग १९५६ ची फ्रेंच स्पर्धा. अंतिम फेरीत अँजेला मॉर्टिमरला ६-०, १२-१०. ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी पहिली काळी व्यक्ती. स्त्री नव्हे, व्यक्ती! ६ जुलै १९५७ ला विम्बल्डनमध्ये डार्लिन हार्डला ६-३, ६-२. त्या दिवशी राणी एलिझाबेथ स्वतः आली होती, विजेतीची थाळी तिच्याच हातून मिळाली. ११ जुलैला ब्रॉडवेवर कागदाच्या चिटोऱ्यांच्या पावसात मिरवणूक निघाली. धावपटू जेसी ओवेन्सनंतर असा मान मिळालेली ती दुसरीच काळी अमेरिकन.

आणि त्याच महिन्यात क्ले कोर्ट स्पर्धेसाठी शिकागोजवळ गेली तर हॉटेलने खोली दिली नाही.

त्या सप्टेंबरात फॉरेस्ट हिल्सही जिंकलं. समोर पुन्हा तीच लुईस ब्रॉ. करंडक उपराष्ट्राध्यक्ष निक्सनच्या हातून. १९५८ मध्ये विम्बल्डन आणि अमेरिकन दोन्ही परत. दुहेरी-मिश्र दुहेरी धरून एकूण ११ ग्रँड स्लॅम. आणि जगात पहिल्या क्रमांकावर असताना हौशी टेनिसला रामराम. कारण साधं होतं, भाडं भरायला पैसे नव्हते. पुढचं लिहायला आत्ता बोटं दुखतायत. प्रतिसादांत बोलू.

---

वाचनवेडी

गरुड कोसळल्याचा प्रसंग सिनेमात दाखवला असता तर मी म्हटलं असतं, काहीही दाखवतात. सुरेख लिहिलंयस गं. पण पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूकडे भाड्याला पैसे नाहीत, हे काही केल्या पचत नाहीये. बक्षिसाची रक्कम कुठे गेली?

---

बेसलाईनकाका

वाचनवेडी, रक्कम नव्हतीच. १९६८ पर्यंत विम्बल्डनसह सगळ्या मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंसाठी होत्या. प्रवासखर्च, राहणं-खाणं, आणि विजेत्याला भेटवस्तू. पैसे घेऊन खेळलात की तुम्ही व्यावसायिक, मग विम्बल्डनचं दार बंद. घरचं बरं असलेल्यांना हे परवडायचं. शेतमजुराच्या मुलीला कुठून परवडणार? पुरुषांना निदान जॅक क्रेमरच्या फिरत्या व्यावसायिक ताफ्यात जागा असायची. बायकांसाठी तसं काही धड नव्हतंच. आणि १९६८ ला दार उघडलं तेव्हा विम्बल्डनच्या महिला विजेतीला, बिली जीन किंगला, मिळाले ७५० पौंड, पुरुष विजेत्या रॉड लेव्हरला २०००. गिब्सन तेव्हा चाळिशी ओलांडलेली.

अवांतर: मी लाकडी रॅकेटवर शिकलो. पावसाळ्यात लाकूड वाकू नये म्हणून ती चौकटीत घालून चारही कोपऱ्यांचे स्क्रू आवळून ठेवायची. एखाद्या दिवशी आळस केला की दुसऱ्या दिवशी चेंडू तिरकाच जायचा. त्या तसल्या रॅकेटने ही बाई सर्व्हिस करून नेटवर धावायची. सहा फुटांना एक इंच कमी अशी उंची. समोरची चेंडूपर्यंत पोचेतो ही नेटवर हजर.

---

तिरकस

लेख चांगला आहे, पण थोडा मीठ-मसाला कमी करू का? गिब्सनला वर्णद्वेषाविरुद्ध लढणारी वगैरे करू नका. तिनेच सांगितलं होतं की ती काही चळवळीची माणूस नाही, बेसबॉलमधली वर्णबंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनसारखं तिला जमायचं नाही. १९५७ मध्ये काळ्या वृत्तपत्रांनीच तिला शिष्ट, आढ्यताखोर म्हणून झोडलं. डिसेंबर १९५५ मध्ये माँटगोमेरीत काळ्या लोकांनी भेदभावाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा बाईसाहेब परराष्ट्र खात्याच्या खर्चाने आशियात टेनिस खेळत होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एमेट टिल या काळ्या पोराचा वर्णद्वेषातून खून झालेला. अमेरिकेला जगापुढे दाखवायला एक हसरा काळा चेहरा हवा होता, तो हिने पुरवला.

---

रानजाई

तिरकस, लढवय्यी म्हटलंय का मी कुठे? पुन्हा वाचा. पण तुमची तारखांची माहिती बरोबर आहे आणि दौऱ्यामागचा हेतूही तोच होता, त्याबद्दल वाद नाही.

मला मात्र एक विचारायचंय. एखादा गोरा खेळाडू म्हणाला असता की मला फक्त टेनिस खेळायचंय, तर कोणी त्याच्याकडे खुलासा मागितला असता का? अल्थियाला कोणीतरी व्हायचं होतं, स्वतःसाठी. तिच्या आत्मचरित्राचं नावच तसं आहे. गोरे म्हणत होते तू काळी आहेस म्हणून बाहेर, काळे पत्रकार म्हणत होते तू काळी आहेस म्हणून बोल. दोन्हीकडून तिची ओळख एकच. मला तिचा तो तुसडेपणा आवडतो, खरं सांगू का.

आणि ती गप्प होती हेही पुरतं खरं नाही. राणीशी हात मिळवणं आणि विल्मिंग्टनच्या बसमध्ये काळ्यांसाठीच्या मागच्या बाकांवर बसावं लागणं, यातलं अंतर तिने स्वतः लिहून ठेवलंय. जॉन फोर्डच्या 'द हॉर्स सोल्जर्स' सिनेमात गुलाम बाईची भूमिका मिळाली, जॉन वेनसोबत. संवाद होते अडाणी, तोडक्यामोडक्या बोलीतले. हे मी बोलणार नाही म्हणाली, आणि फोर्डसारख्या माणसाला ते बदलायला लावले. झेंडा घेऊन रस्त्यावर उतरणं हा एकच प्रकार असतो का?

---

तिरकस

फोर्डचा किस्सा माहीत नव्हता. तो मुद्दा मान्य. दौऱ्याबाबत माझं मत कायम.

---

आडवळण

त्याच दौऱ्याची दुसरी बाजू. चौघांचा संघ होता. गिब्सन, कॅरोल फॅगेरोस, हॅम रिचर्डसन आणि बॉब पेरी. ब्रह्मदेश, सिलोन, पाकिस्तान, थायलंड आणि आपला भारत. भारतातल्याच एका स्पर्धेत तिची अँजेला बक्स्टनशी ओळख झाली. बक्स्टन इंग्लंडची, ज्यू. लंडनच्या क्लबांत तिलाही त्यावरून दारं बंद झालेली होती. इतर मुली अल्थियाशी दुहेरी खेळायला पुढे यायच्या नाहीत आणि बक्स्टनलाही जोडीदार नव्हती. दोघी एकत्र आल्या आणि १९५६ मध्ये फ्रेंच दुहेरी जिंकल्या, विम्बल्डनही जिंकल्या.

ही मैत्री चाळीस वर्षं टिकली, आणि शेवटी तीच कामी आली. रानजाईताई, तो भाग तुम्हीच लिहा.

---

वाचनवेडी

अगं हो, १९५८ नंतर काय झालं ते राहिलंय!

---

रानजाई

लिहिते. शनिवार आहे, पोळ्या उरकल्यात.

१९५९ मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर फिरली. बास्केटबॉलच्या कार्यक्रमात त्याच मैदानावर टेनिसचं प्रदर्शन, समोर कॅरोल फॅगेरोस. त्यात पैसे मिळाले, मग स्वतःचा दौरा काढला आणि त्यात हात पोळले. गाण्याची तबकडी काढली, आवाज चांगला होता तिचा. ब्रेड बनवणाऱ्या कंपनीसाठी लोकसंपर्काचं काम केलं. विम्बल्डन विजेती, लोकांत मिसळून ब्रेडचं नाव करतेय.

आणि १९६४ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, गोल्फ! महिलांच्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्यावर खेळणारी पहिली काळी बाई. इथेही तोच जुना खेळ. मैदानावर उतरायला परवानगी, पण क्लबहाउसात कपडे बदलायला नाही. मग गाडीत बदलायचे. टेनिसच्या क्लबांत जवळपास पंधरा वर्षांपूर्वी मागे टाकलेली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. एकही स्पर्धा जिंकली नाही. १९७० मध्ये एकदा बरोबरीत दुसरी आली, तेवढंच. टेनिसमध्ये शिखर गाठलेल्या बाईने नव्या खेळात हरायला उभं राहायचं, मला हे विम्बल्डनपेक्षा अवघड वाटतं. (घरी यावर एकमत नाही. नवरा म्हणतो, दुसरा धंदा नव्हता म्हणून.)

पुढे १९७० च्या दशकात न्यू जर्सीची क्रीडा आयुक्त झाली, ईस्ट ऑरेंजमध्ये राहिली, मुलांना शिकवलं. मग मेंदूत रक्तस्राव, १९९२ मध्ये पक्षाघाताचा झटका. औषधांपायी होतं नव्हतं ते संपलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एके दिवशी तिने इंग्लंडला बक्स्टनला फोन केला. निरोप घ्यायला. जगण्यात अर्थ उरला नाही म्हणाली.

बक्स्टनने आधी स्वतःच्या खिशातून पैसे पाठवले, आणि मग अल्थियाच्या नकळत एका टेनिस साप्ताहिकात तिच्या परिस्थितीविषयी पत्र छापवून आणलं. जगभरातून पाकिटं येऊ लागली. सगळे मिळून जवळपास दहा लाख डॉलर. तिला त्यातून आणखी काही वर्षं मिळाली. २८ सप्टेंबर २००३ ला ईस्ट ऑरेंजमध्येच गेली, ७६ व्या वर्षी.

१९९९ मध्ये सेरेना अमेरिकन ओपन जिंकली, पुढच्या वर्षी व्हीनस विम्बल्डन. म्हणजे ते बघायला ती होती.

---

बेसलाईनकाका

१९९० ला झिना गॅरिसन विम्बल्डनच्या अंतिम फेरीत नवरातिलोवाकडून हरली, तेव्हा गिब्सन तिथे प्रेक्षकांत होती. आणि त्या डॉ. जॉन्सनांचं नाव विसरू नका. लिंचबर्गच्या त्याच कोर्टवर पुढे आर्थर अ‍ॅश घडला. घरामागे कोर्ट बांधणारा एक डॉक्टर आणि दोन विम्बल्डन विजेते.

---

घाटमाथा

उशिरा आलो, पण एक नाव राहिलंय. ओरा वॉशिंग्टन. गिब्सनच्या आधी त्याच काळ्या संघटनेची एकेरी तिने आठ वेळा जिंकली, १९२९ ते ३५ सलग सात आणि ३७ ला पुन्हा. शिवाय बास्केटबॉलमध्येही फिलाडेल्फियाच्या संघाची मोठी खेळाडू. गोऱ्या खेळाडूंशी खेळायची संधीच मिळाली नाही. पोटासाठी लोकांकडे घरकाम करायची. गिब्सनला निदान मार्बल भेटली, दोन डॉक्टर भेटले. ओराच्या वाट्याला त्या काळात यातलं कोणी आलं नाही, १९७१ मध्ये ती गेली. त्याच वर्षी गिब्सनला टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

---

रानजाई

घाटमाथा, हे खरंच ठाऊक नव्हतं. हिच्यावर स्वतंत्र धागा काढाल का? तुम्हीच काढा.

---

कांदाभजी

सगळा धागा एका दमात वाचला. पुढच्या महिन्यात लेकीकडे जर्सीला येतोय. पुतळा नक्की कुठे आहे? आम्हा दोघांचे गुडघे दुखतात, फार चालायला लागेल का?

---

रानजाई

काका, या की! ब्रांच ब्रूक पार्कमध्ये टेनिस कोर्टांकडे गाडी लावा, तिथून दोन मिनिटं. २०१२ मध्ये बसवलाय. ती शेवटी शेवटी मुलांना शिकवायची ती हीच कोर्टं. संध्याकाळी पाचनंतर या, म्हणजे सावली असते आणि पोरंटोरं खेळत असतात. चेरीची फुलं मात्र तोवर झडलेली असतील. आणि पार्किंगसाठी जावईबापूंना आधीच सांगून ठेवा, माझ्या नवऱ्यासारखं व्हायला नको.